खिशातलं बिऱ्हाड

पाणी येणार हे आमच्याकडं आधी कुंभारांना कळतं. कोल्हापुरातल्या शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या तोंडाशी माझं डीटीपीचं दुकान आहे. ऑगस्टमध्ये गल्लीतून धड चालायला वाट नसते. दोन्ही अंगांना ओळीनं गणपती वाळत बसलेले असतात, कुणाला नुसता पांढरा हात मारलेला, कुणाच्या डोळ्यांची आखणी राहिलेली. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकायचं थांबतं आणि मागं यायला लागतं. त्याची चाहूल लागली की कुंभार हातातला ब्रश तसाच ठेवून मूर्ती उचलतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शेजारचे आबा एक मूर्ती पोटाशी धरून माझ्या दारात थांबले आणि म्हणाले, "पोरी, वर न्यायचं ते आत्ताच ने. रातच्याला पाणी विचारून येत नसतंय."

मी प्रिंटर वर नेला. कागदाची रिमं पोटमाळ्यावर टाकली, लॅमिनेशनचं मशीन नेलं. संगणक टेबलावरच ठेवला आणि टेबलाच्या पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, तिच्या हिशेबानं विटा पुरेशा होत्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं.

आठवड्याभरानं शटर वर केलं. कॅबिनेटचा पत्रा काढला तर मदरबोर्डवर चहाच्या रंगाचा गाळ बसलेला आणि पंख्याच्या दोन पात्यांच्या मध्ये एक गांडूळ, तेही वाळलेलं. हार्ड डिस्क धुऊन, पुसून, वाळवून एका दुरुस्तीवाल्याकडं दिली. तीन महिने हेलपाटे घातले, पैसे गेले आणि डिस्क तशीच परत आली.

फाइली म्हणाल तर बऱ्याचशा मिळाल्या. लग्नपत्रिका गिऱ्हाइकांच्या मेलवर होत्या, अर्जांचे नमुने पेनड्राइव्हवर होते, काही मजकूर लोकांनी छापील प्रतींवरून परत आणून दिला. तरी नव्या संगणकासमोर बसले आणि हात चालेचना. दहा वर्षांत मी त्या यंत्रात काय काय मांडून ठेवलं होतं ते तेव्हा कळलं. कुठला फॉन्ट पत्रिकेला आणि कुठला दाखल्याला, प्रिंटरचा समास डावीकडून किती सरकवला की आमच्या कागदावर मधोमध येतो, शब्दकोशात मी एकेक करून घातलेली कोल्हापूर जिल्ह्यातली गावं, कळफलकाची मांडणी. यातलं काहीच फाइल म्हणून कुठं साठवलेलं नव्हतं. जुन्या फॉन्टांतल्या फाइली उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा सांडायचा. मजकूर होता आणि वाचता येत नव्हता.

माझे बाबा कंपोझिटर होते. छापखान्यातले शिशाचे अक्षरखिळे जुळवायचे. देवनागरीची केस म्हणजे सव्वीस अक्षरांचं काम नव्हे. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार, सगळं मिळून शेकड्यांनी घरं. केसमधल्या त्या चौकोनी खणांना छापखान्यात घरंच म्हणायचे. बाबांची नजर मजकुरावर असायची आणि हात आपापला घराघरांतून फिरून यायचा. एका हातात स्टिक, म्हणजे जुळवलेले खिळे धरायची पट्टी, ती त्यांची स्वतःची होती, पितळी, अंगठा घासून घासून एका जागी लकाकलेली. तो छापखाना बंद पडल्यावर ते दुसऱ्या ठिकाणी लागले. पहिला महिनाभर घरी येऊन गप्प बसायचे. आईनं विचारलं तर म्हणाले, "काम तेच आहे गं. घरं बदललीत." त्यांना स्टिक बरोबर नेता आली होती, केस नेता आली नव्हती.

२०१९ च्या दिवाळीत नव्या संगणकावर एक साधा दाखला टाइप करताना मला हे आठवलं आणि मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

पुढं लॉकडाऊन लागला. माझा भाचा पुण्याहून कॉलेज बंद झालं म्हणून आला होता आणि घरात बसून कंटाळला होता. मी परत पूर आला तर काय, हे दहाव्यांदा बोलले असेन. तो म्हणाला, "आत्या, मशीन बुडू दे की. सिस्टीमच बाहेर ठेवूया."

मला वाटलं बॅकअपबद्दल बोलतोय. तो बोलत होता दुसऱ्याच गोष्टीबद्दल. संगणकाची सगळी व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावरचे प्रोग्राम, माझे फॉन्ट, माझी मांडणी, हे सगळं यूएसबीनं जोडायच्या एका डिस्कवर राहील. ती डिस्क ज्या यंत्राला लावू ते यंत्र चालू होताना माझं होऊन उठेल. काढून घेतली की ते यंत्र पुन्हा ज्याचं त्याचं. आतल्या डिस्कला कुणी हातही लावलेला नसेल.

तोवर संगणक चालू होणं म्हणजे बटण दाबणं आणि चहा ठेवणं, एवढीच माझी समजूत होती. बटण दाबल्यावर काय होतं हे त्यानं मला खाटेवर बसून, वहीवर चौकोन काढत समजावलं आणि ते समजल्यावर मला आपल्या रोजच्या यंत्राबद्दल खरोखर माया वाटली. वीज मिळते तेव्हा प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा असतो, जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो उठतो, मेमरी आहे का, कळफलक आहे का हे चाचपतो आणि मग आपल्याजवळच्या यादीप्रमाणं एकेका डिस्ककडं जाऊन विचारतो, तुझ्याकडं पुढं काय करायचं ते लिहिलंय का? जुनी पद्धत असेल तर डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यातल्या ४४६ बाइटांत काय बसेल तेवढी सूचना, मग ६४ बाइटांत डिस्कची वाटणी कशी केली आहे त्याचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण. खूण जुळली तरच पुढं. ४४६ बाइट म्हणजे देवनागरीत दीडशे अक्षरंसुद्धा नाहीत, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सुरू होणारा पत्रिकेचा मजकूर त्यात पुरा मावणार नाही. तेवढ्यातून अख्खी व्यवस्था उभी राहते. तो छोटा तुकडा जरा मोठ्या प्रोग्रामला उठवतो, तो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, कर्नल बाकीच्यांना. बुटाच्या मागं चढवायला जो पट्टा असतो तो धरून स्वतःलाच वर उचलावं, अशी इंग्रजीत एक म्हण आहे, तिथून 'बूट' हा शब्द आला म्हणे. आमच्या गल्लीत हे रोज पहाटे दिसतं. एक जण उठून चूल पेटवतो, त्याच्या आवाजानं दुसरा, आणि सहा वाजेपर्यंत गल्ली जागी.

लिनक्स पेनड्राइव्हवरून चालतं हे मी ऐकून होते. सीडी घालून, काहीही न बसवता लिनक्स चालवायची युक्ती क्लाउस क्नोपर या जर्मन माणसाच्या, २००० मध्ये निघालेल्या क्नोपिक्सनं घराघरांत पोचवली. ते लाइव्ह चालवणं म्हणजे लॉजवर रात्र काढणं. खोली स्वच्छ, अंथरूण तयार, पण सकाळी निघालात की तुमचं तिथं काही उरत नाही. मला लॉज नको होता. मला तिथं खिळे ठोकून कॅलेंडर लावायचं होतं. म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लॉजमधून चालू व्हायचं आणि दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर सिस्टीम रीतसर, कायमची बसवायची. विंडोजवाल्यांनीही २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मोठ्या कचेऱ्यांसाठी असं एक फिरतं विंडोज काढलं होतं. २०२० मध्ये त्यांनी ते बंद केलं, नेमकं मी सुरू करत होते तेव्हा.

पहिला प्रयत्न ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर केला, तो चार दिवसांत सोडून दिला. पेनड्राइव्हला एक मोठी फाइल सलग द्या, ती बिनतक्रार घेते. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र दिवसभर हजारो बारीकसारीक नोंदी इकडं-तिकडं लिहीत असते आणि तिथं पेनड्राइव्हला धाप लागते. ब्राउझर उघडेपर्यंत भाकरी करपेल. मग २४० जीबीची अडीच इंची एसएसडी घेतली, तिला यूएसबीचं कव्हर चढवलं आणि मशीनच्या मागच्या निळ्या पोर्टला लावली. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, निळ्या यूएसबी ३ चा ५ गिगाबिट. फरक कागदावर दहापट दिसतो, हाताला मात्र एवढाच जाणवला की आपण बाहेरच्या डिस्कवर आहोत हे मी दुसऱ्या दिवशी विसरून गेले.

सगळं सुरळीत चाललं आणि दीड महिन्यानं एका संध्याकाळी ते फसलं. मी डिस्क काढून भाच्याच्या लॅपटॉपला लावली, एफ१२ दाबून यादी उघडली. डिस्क दिसली, निवडली आणि यंत्र काही न बोलता त्याच्या स्वतःच्या विंडोजमध्ये गेलं. तीन वेळा केलं, तेच. घाबरून दुकानात परत आले, डिस्क न लावताच आमचं मशीन चालू केलं, तर विंडोजही येईना. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात 'ग्रब' एवढी अक्षरं आणि शेजारी लुकलुकणारी रेघ. आत बसलेल्या विंडोजमध्ये त्या महिन्याचे हिशेब होते. पुरानंतर वर्षभरात दुसऱ्यांदा माझे तळहात गार पडले.

भाच्यानं फोनवर अर्धा तास एकेक ओळ वाचायला लावली आणि मग त्याला उमगलं. नव्या पद्धतीच्या यंत्रात डिस्कवर एक लहानसा कप्पा वेगळा ठेवलेला असतो, फॅट पद्धतीनं लिहिलेला. चालू करणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, त्यात असतो. मी सिस्टीम बसवताना इन्स्टॉलरनं विचारलं होतं, बूटलोडर कुठं ठेवू? मी बाहेरची डिस्क निवडली होती, पूर्ण भानावर राहून निवडली होती. त्या इन्स्टॉलरनं ते उत्तर बाजूला ठेवलं आणि यंत्रात पहिला जो तसा कप्पा सापडला, आतल्या डिस्कवरचा, विंडोजचा, त्यात आपला बूटलोडर ठेवून दिला. म्हणजे घर बाहेरच्या डिस्कवर आणि उंबरठा आतल्या डिस्कवर. दोन्ही एकत्र असेपर्यंत कळायला मार्गच नव्हता. घर उचलून नेलं तर त्याला दार नाही, आणि इकडं मागं राहिलेला उंबरठा ओलांडला तर पलीकडं घर नाही. विंडोज सुखरूप होतं. एफ१२ च्या यादीत त्याचं नाव शोधून निवडल्यावर उघडलं. मी तिथंच खुर्चीत बसून राहिले.

ज्याला कुणाला हे करायचं असेल त्याला मी हात जोडून हेच सांगते. बाहेरच्या डिस्कवर सिस्टीम बसवताना आतल्या डिस्कची वायर काढून ठेवा. पर्याय नीट निवडीन, लक्ष ठेवीन, असं म्हणू नका. मी लक्ष ठेवलं होतं. इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दिसलीच नाही तर तो तिथं काही ठेवू शकत नाही. दोन स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम आहे.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा कॅबिनेट उघडं, आतली डिस्क वायरींपासून सुटी. या वेळी लिनक्सचाच डेबियन नावाचा प्रकार घेतला. डिस्कवर चार खोल्या पाडल्या. पहिली फक्त १ एमबीची, तीत फाइल नसते, जुन्या बायोसच्या यंत्रांवर चालू व्हायला बूटलोडरचा उरलेला भाग तिथं बसतो. दुसरी ५१२ एमबीची फॅट, नव्या यंत्रांसाठी. तिसरीत कर्नल. उरलेली सगळी जागा चौथीला आणि ती कुलपात, लक्स नावाच्या पद्धतीनं सांकेतिक करून, कारण माझ्याकडं लोकांचे सात-बारा, वारसाचे दाखले, आधारच्या प्रती असतात. खिशातून डिस्क पडली तर माझी पडावी, गिऱ्हाइकांची पडू नये.

उंबरठ्याचं एक काम राहिलं होतं. साधारणपणे सिस्टीम बसवली की ती मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मरणात नोंद करते, मी अमुक डिस्कवर, अमुक ठिकाणी आहे. ती नोंद त्या मदरबोर्डपुरती. दुसऱ्या गावच्या यंत्राला आपली ओळख कुठून असणार? त्यासाठी एक सर्वमान्य पत्ता ठरलेला आहे. ओळखीचं कुणी सापडलं नाही तर प्रत्येक यूईएफआय यंत्र फॅटच्या कप्प्यात 'ईएफआय', त्यात 'बूट', त्यात 'बूटएक्स६४' या नावाची फाइल शोधतं. ग्रब, म्हणजे आमचा बूटलोडर, बसवताना 'रिमूव्हेबल' असं सांगितलं की तो तिथं जाऊन बसतो. परक्या गावात नाव-गाव न विचारता टेकायला मिळावं म्हणून देवळाच्या ओवऱ्या असतात, तसा हा पत्ता.

आणखी दोन गोष्टी त्या रात्री समजल्या, त्या मला फार आवडल्या. लिनक्स डिस्कांना आलेल्या क्रमानं नावं देतं, पहिली ए, दुसरी बी. पंगतीत आधी बसला तो पहिला. माझ्या मशीनवर बी असलेली डिस्क दुसऱ्याकडं ए होईल किंवा सी, आणि सिस्टीम जर 'बी वर माझं घर आहे' असं धरून बसली तर परक्या पानावर जाऊन बसेल. म्हणून प्रत्येक कप्प्याला तयार होतानाच एक लांबलचक क्रमांक मिळतो, यूयूआयडी. तो डिस्क कुठंही लावली तरी बदलत नाही. सगळ्या नोंदी त्या क्रमांकानं करायच्या. दुसरी गोष्ट किल्लीची. सिस्टीम यूएसबीच्या डिस्कवर आहे, म्हणजे डिस्क वाचायला यूएसबीशी बोलणारा ड्रायव्हर आधी हवा. तो ड्रायव्हर मात्र डिस्कवरच्या सिस्टीममध्ये. किल्ली घरात आणि दार बंद. यावर उपाय आपण घरोघरी करतो तोच केलेला आहे, एक किल्ली शेजारी ठेवायची. कर्नलबरोबर एक छोटं गाठोडं मेमरीत आणलं जातं, इनिटरामएफएस, आणि त्यात दार उघडण्यापुरती अवजारं असतात. आमच्या गाठोड्यात फक्त आमच्या मशीनपुरती अवजारं नकोत, जमतील तेवढी सगळी घाल, असं त्याच्या सेटिंगच्या फाइलीतल्या एका ओळीत लिहिलेलं असावं लागतं, कारण कुठल्या गावच्या दाराशी उभं राहायची वेळ येईल सांगता येत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते मला तेव्हापासून हलकं वाटत नाही. पाठीवर काय काय घ्यायचं याचा फार विचार केलेला असतो.

अडचणीही आहेत. एकदा झाडताना केरसुणीचा धक्का लागून यूएसबीची वायर क्षणभर सैल झाली. पडद्यावर सगळं तसंच होतं, माऊस हलत होता, पण काहीही उघडायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर. मेमरीत होतं तेवढंच शिल्लक, खालची जमीन सरकलेली. बटण धरून मशीन बंद करावं लागलं. डिस्कवर फाइली मांडायच्या ईएक्सटी४ या पद्धतीत नोंदवही ठेवायची सोय असते, आधी टिपण मग काम, तिच्यामुळं पुढच्या वेळी चालू होताना डिस्कनं स्वतःला सावरलं. तेव्हापासून आखूड वायर वापरते आणि ती टेबलाच्या कडेला बांधलेली असते.

नवी सिस्टीम उठली की मी पहिल्यांदा एकच शब्द टाइप करते. बिऱ्हाड. त्यात मराठीचं सगळं कळतं. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, मग पाय मोडायचा, मग ह. फॉन्ट बरा असेल तर र ची ती चंद्रकोर ह ला हळूच टेकते. नसेल तर र खाली टिंब घेऊन उघडा उभा राहतो किंवा डोक्यावर रफार चढून बसतो. मग 'शाल' टाइप करून बघते, श देठाचा आला का, ल पाकळीचा आला का. बाबा गॅलीचं पहिलं प्रूफ उजेडात धरून असंच बघायचे.

जुलै २०२१ मध्ये पाणी परत आलं. या वेळी आबांनी हाक मारायच्या आधीच मी संगणक रीतसर बंद केला, डिस्क काढली, रुमालात गुंडाळली आणि स्टीलच्या डब्यात घातली. डब्यात दुकानाचे कागद, आईचं मंगळसूत्र आणि बाबांची स्टिक होती. यंत्र पोटमाळ्यावर चढवायला दोघं लागली असती, मी एकटी होते. ते तिथंच सोडलं. शटर ओढताना मागं वळून बघितलं नाही, बघावंसं वाटलं नाही.

कळंब्याला भावाकडं गेले. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथं भाकरी थापायला म्हणून वहिनीबरोबर गेले. वर्गावर्गात माणसं बसली होती. एक तरुण शिक्षक वहीत नावं लिहीत होते, चौथ्यांदा, कारण प्रत्येक जण येऊन वेगळी यादी मागत होता. कुणाला कुटुंबं हवीत, कुणाला लहान मुलं किती, डॉक्टरांना औषधं. शाळेच्या ऑफिसात संगणक होता, त्याचा पासवर्ड ज्यांना माहीत ते सर पाण्यापलीकडं अडकलेले. आणि त्यावर मराठी येत नाही, शिक्षक म्हणाले, आम्ही बाहेरून टाइप करून आणतो.

मी म्हटलं, "सर, आतल्या कशालाही हात लावणार नाही. फक्त हे जोडू का?"

त्यांनी मुख्याध्यापिकेला फोन केला. बाई म्हणाल्या, करा.

यंत्र जुनं होतं. एफ१२ दाबला, यादी आली, तिच्यात तिसऱ्या ओळीला यूएसबी हार्ड डिस्क. एंटर. बराच वेळ काळोख. मग कुलपाचा शब्द विचारणारी ओळ आली, तो घातला, आणि कळंब्याच्या त्या अनोळखी पडद्यावर माझी दुकानातली मांडणी उगवली. डाव्या बाजूला पत्रिका, दाखले, अर्ज, खाली बाबांच्या स्टिकचा मी काढलेला फोटो. बिऱ्हाड टाइप केलं. चंद्रकोर जागच्या जागी.

सव्वाशेच्या आसपास माणसं होती. शिक्षक वाचत गेले, मी टाइप करत गेले. नाव, वय, गल्ली, बरोबर कोण, औषध. औषधाचा रकाना सगळ्यांत वेळखाऊ होता. म्हाताऱ्या माणसांना गोळीचं नाव माहीत नसतं. सकाळची गुलाबी, रात्रीची अर्धी पांढरी. आम्ही तसंच लिहिलं, गुलाबी, अर्धी पांढरी, आणि पुढं बीपी की शुगर. एका आजींच्या आडनावात तो चंद्रकोरीचा र होता. प्रिंटर जुना असला तरी लिनक्सच्या ओळखीचा निघाला. पहिला कागद बाहेर आला तेव्हा त्या आजी चष्मा लावून बोट फिरवत आपल्या नावापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर लिवलंय की. रेशनच्या कार्डावर बी असं नाही."

रात्री दहाला आम्ही थांबलो. मशीन बंद केलं, डिस्क काढली. शिक्षकांनी खात्री म्हणून पुन्हा बटण दाबलं. शाळेचं विंडोज आपल्या निळ्या पडद्यावर आलं आणि सकाळसारखाच पासवर्ड विचारत उभं राहिलं.

दुकानातलं यंत्र त्या पुरातही गेलं. गाळ काढायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी एका ओळखीच्याकडून जुना, डिस्क नसलेला संगणक आणला, ओल्या भिंतीला टेकून टेबल मांडलं, डिस्क लावली आणि दुपारपर्यंत पंचनाम्याचे अर्ज सुरू झाले. समोर ओळ लागली होती. आबा ओळीत उभे होते, त्यांच्या यंदाच्या निम्म्या मूर्ती विरघळल्या होत्या. अर्ज देताना ते माझ्या टेबलाकडं बघत म्हणाले, "तुझं बरं निघालं." मी त्यांच्या अर्जाचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी ते टेबलावर ठेवलेच.

आता दर मे महिन्यात एक दिवस दुकान बंद ठेवून मी हे करते. सिस्टीम अद्ययावत करते, डिस्क तपासते, मग तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवते. नक्कल करताना यूयूआयडीही जसाच्या तसा उतरतो, त्यामुळं दोन्ही डिस्का एकाच यंत्राला एकदम लावायच्या नाहीत, एकाच नावाची दोन माणसं पंगतीत येतात आणि कर्नलचा गोंधळ उडतो. दुसरी डिस्क कळंब्याला वहिनीच्या कपाटात असते. आखूड वायरही दोन ठेवल्या आहेत.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी तो तिकडं बसून बघत असतो, माझ्या आधी त्याला कळतं. ३९ झालं की फोन येतो.

"आत्या, काढलीस का?"

"डब्यात आहे," मी सांगते. "आबांच्या मूर्ती वर न्यायला निघालेय, ठेव आता."